किशनची कुपाटी

"अबे पुंजाजी, कुपाटी घातली का किल्ला बांधला? आता बैलगाडी काय उडवून नेऊ वावरात?" आमचे हे माझ्या दिरावर कडाडले, ते मी चुलीपाशी बसून ऐकलं होतं. रानडुकरं येतात म्हणून दिरानं वावराच्या चारी बाजूंनी बोरीच्या काट्यांची कुपाटी रचली, अन् फाटकाची जागाच सोडली नाही. पुढं फाटक झालं, पण भाऊ-भाऊ कितीतरी दिवस बोलले नाहीत.

किशन त्याच पुंजाजीचा पोरगा. कामरगावात, ओसरीवरच त्याचं झेरॉक्स अन् ऑनलाइन कामाचं दुकान. जुन्या कॉम्प्युटरात व्हायरस शिरला, तेव्हापासून यानं त्यावर लिनक्स टाकलं अन् फायरवॉल लावून सारी दारं बंद केली. "काकू, आता मच्छरही आत येत नाही," म्हणे.

दसऱ्याला वायफायवर चालणारा, झेरॉक्सही काढणारा नवा स्कॅनर आला. मी त्याला हळदकुंकू वाहिलं.

दुसऱ्या दिवशी शेजारची रत्नमाला आली. नर्सिंगच्या ॲडमिशनचे कागद संध्याकाळपर्यंत साइटवर चढवायचे, नाहीतर सीट गेली. मोबाइलचे फोटो साइट घेईना. अन् कॉम्प्युटर म्हणे, स्कॅनरच नाही.

"समोर म्हशीवानी बसला हाय, अन् याले दिसत नाही!" रत्नमाला हसली.

किशननं बंद केलं, चालू केलं, राउटरची वायर उपटली, पुन्हा खुपसली. मग राग माझ्यावर. "काकू, कुंकू कायले वाह्यलं तुनं? आत गेलं असन!"

"अरे, कुंकवानं आंधळा झाला असता तर झेरॉक्स कशी काढून राह्यला तो?"

ऐकतो कुठं! फडकं घेऊन काच घासत बसला.

रत्नमालेचं हसू गेलं. "किशनभाऊ, कारंज्याची जीप सुटून राह्यली. होते का नाही, सांगा."

"थांब ना दोन मिनिट!"

"तुमच्या दोन मिनिटात माही सीट जाईन!" कागद उचलून ती निघालीच.

मग यानं चिडून फायरवॉलच बंद केली. लगेच स्कॅनर दिसला! कॉम्प्युटर हाका मारत होता, स्कॅनर ओ देत होता, अन् ती ओ किशननं बंद केलेल्या दारातच अडत होती.

"बापाचाच पोरगा," मी म्हटलं. तो हसला नाही. घरच्या वायफायपुरतं फाटक उघडलं, अन् बाकी कुपाटी पुन्हा लावली.

दिवेलागणीला रत्नमालेचा फोन आला, कारंज्यात काम झालं.

"बरं झालं बाप्पा," किशन म्हणाला, अन् फोन ठेवून पुटपुटला, "आता रत्नमाला गावभर सांगन, किशनचा स्कॅनर आंधळा हाय म्हणून."

दुकान बंद करून तो वावरात गेला, अन् रोजच्यासारखी फाटकात बोरीची फांदी ओढून आला.