पांढऱ्या झेंड्याचा ट्रक

१९८८ च्या उन्हाळ्यात आमची पलटण राजस्थानात होती. सकाळी वाळूत खंदक खणायचे आणि संध्याकाळी बुजवायचे, हा दिनक्रम. एका सकाळी फॉलइनला रांगेत उभे असताना सी.ओ. साहेबांनी सांगितलं, पलटण शांतिसेनेत लंकेला जाणार. लढायला नाही, शेजाऱ्याच्या घरातलं भांडण मिटवायला. त्यांनीच बोलावलंय.

साहेबांनी सात शेजारी देशांच्या नव्या संघटनेबद्दलही सांगितलं. आपल्यासारख्या देशांनी आता मोठ्या राष्ट्रांच्या तोंडाकडे बघत बसायचं नाही, या भागाची सुरक्षा आपली आपण बघायची, वगैरे. मला ते मनापासून पटलं होतं. त्या संघटनेचे फोटो मी वर्तमानपत्रात पाहिले होते, सात पुढारी हातात हात घालून उभे. पुढे कळलं की दोन देशांमधला तंटा बैठकीत काढायचाच नाही, असा त्यांचा नियम आहे. शेतीवर बोलायचं, हवामानावर बोलायचं, टपालावर बोलायचं. ज्या गोष्टीपायी माणसं मरतायत, तिच्यावर अवाक्षर नाही. असल्या नियमाला काय म्हणायचं ते मी इथे लिहीत नाही, घरात नातवंडं वाचतात.

सुट्टीत माझ्या गावी, पहूरला, आलो तेव्हा गावात चेष्टा झाली. अशोकवन बघून ये म्हणाले, येताना थोडं सोनं आण म्हणाले. मीही हसलो. मद्रासहून जहाजात बसलो आणि तिकडे उतरलो तेव्हा कळलं, शांतता नावाची वस्तू तिथे शिल्लक नव्हती.

मी नायक, कंपनीच्या रेडिओ सेटवर. हवालदार नामदेवभाऊ साक्रीच्या आतल्या एका गावचे, माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठे. पलटणीत बाकी सगळे सातारा-कोल्हापूरकडचे, खान्देशातले आम्ही दोघेच. माझी बोली जामनेरकडची, त्यांची अहिराणी पक्की साक्रीची. मी बोललो की ते म्हणायचे, तुझ्या बोलीत पाणी जास्त झालंय.

एकदा ते पुढच्या चौकीवर होते आणि मी सेटवर. काम झाल्यावर आमचा वाद लागला, भरीत कळण्याच्या भाकरीबरोबर चांगलं की पुरीबरोबर. मागे मेजर साहेब कधी येऊन उभे राहिले कळलंच नाही. आमचे कंपनी कमांडर, कूर्गचे. आता हजेरी घेणार, असं वाटलं. ते म्हणाले, "ये कौनसी भाषा है?" मी सांगितलं. सातारकरांना समजते का, विचारलं. मी म्हटलं, साहेब, ते तर हिला मराठीच मानत नाहीत.

त्या दिवसापासून आमच्या कंपनीची गस्त अहिराणीत बोलू लागली. त्याचं कारण ऐका. समोरचे अतिरेकी आमचा रेडिओ ऐकायचे आणि त्यांच्यातल्या कित्येकांना हिंदी येत होती. कशी येत होती? कारण त्यांना बंदूक धरायला आमच्याच देशात शिकवलं होतं. शिकवणारे वेगळे, मरणारे वेगळे. नवीन कोड आला की चार दिवसांत फुटायचा. अहिराणी मात्र वर्षभरात कुणाला फुटली नाही. म्हणून महत्त्वाच्या गस्तीवर नामदेवभाऊ जायचे आणि सेटचा हँडसेट स्वतःच्या हातात घ्यायचे.

१९८९ साल उजाडलं आणि वारं फिरलं. ज्यांनी आम्हाला बोलावलं होतं त्यांच्याकडचं सरकार बदललं, आणि तेच आता म्हणू लागले, चालते व्हा. सात देशांची परिषद त्या वर्षी तिथे व्हायची होती. तुमचं सैन्य इथे असताना परिषद कसली, म्हणून तीही अडली. म्हणजे आमच्या मरणावर बैठकीत बोलायचं नाही, पण आमच्या असण्यामुळे बैठक मोडते. मध्येच शस्त्रसंधी जाहीर झाली. वरून हुकूम आला की पांढरा झेंडा लावलेल्या गाडीला हात लावायचा नाही. झडतीसुद्धा नाही.

त्या दिवशी नामदेवभाऊंची गस्त खाडीच्या रस्त्यावर होती. दुपारी सेट वाजला.

"ट्रक शे. धवळा झेंडा शे. मांगे पेट्या शेत. थांबाडू का?"

मी मेजर साहेबांना हिंदीत सांगितलं, पांढऱ्या झेंड्याचा ट्रक आहे, मागे पेट्या आहेत, थांबवायचा का? त्यांनी बटालियनला विचारलं, बटालियनने वर विचारलं. उत्तर आलं, नाही. मी ते तसंच कळवलं.

थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला. "पेट्या जड शेत रे. गाडी मांगे बसेल शे. साहेबले परत इचार."

गाडी वजनाने मागे दबलीय, असं सांगून साहेबांनी परत विचारलं. या वेळी वरून जरा रागानेच उत्तर आलं. वाटाघाटी चालू आहेत, एका ट्रकपायी त्या मोडायच्या का? नामदेवभाऊंनी तिसऱ्यांदा विचारलं, साहेबांनी पुन्हा वर विचारलं, उत्तर तेच. मी म्हणालो, "साहेब नहीच म्हणतस. वरतून नही शे."

मग ते म्हणाले, "बरं. जाऊ देस मी."

म्हणजे, सोडतो मी ट्रक. हे त्यांचे शेवटचे शब्द. परतीच्या वाटेवर एका मोरीखाली स्फोट झाला. नामदेवभाऊ आणि दोन जवान जागीच गेले. तो दारूगोळा त्याच पेट्यांतला होता का, मला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही, कारण पेट्या उघडूच दिल्या नाहीत. तिघांना तिथेच अग्नी दिला. घरी अस्थी गेल्या आणि एक ट्रंक.

मग चौकशी बसली. चौकशीत प्रश्न एकच, संशयास्पद ट्रक झडतीशिवाय सोडला कुणी? आणि उत्तर तयारच होतं, पेट्रोल कमांडरने, म्हणजे गस्तीच्या प्रमुखाने, नामदेवभाऊंनी. मी साक्ष दिली, त्यांचा शब्दन् शब्द सांगितला. चौकशीचे अधिकारी म्हणाले, ही भाषा मंजूर कोडमध्ये नाही. दुसरं कुणी याचा अर्थ सांगू शकतं का? सांगू शकणारा एकच होता आणि त्याला आम्ही तीन दिवसांपूर्वी अग्नी दिला होता. निष्कर्षात लिहिलं गेलं की संदेश अस्पष्ट होता.

अस्पष्ट! साक्रीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या अक्काला कळलं असतं ते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मेजर साहेबांनी आपलं निवेदन लिहून दिलं होतं की हवालदाराने तीनदा परवानगी मागितली आणि तिन्ही वेळा आपण वरून नकार आणला. वरच्यांनी कानांवर हात ठेवले. असा कुठलाही लेखी हुकूम नाही म्हणे. चालू गस्तीत रेडिओवर लेखी हुकूम कोण देतो? साहेब माझ्या बंकरमध्ये आले आणि एवढंच म्हणाले, "मैंने सच लिखा है. आगे वो जानें." त्यांची बढती तिथेच थांबली.

१९९० मध्ये आम्ही परतलो. मद्रासच्या बंदरावर बँड वाजला, पण त्या राज्यातल्या ज्या मोठ्या माणसांनी पुढे यायचं ती फिरकली नाहीत. तिकडे आम्ही नकोसे झालो होतो, इकडेही नकोसे. काही महिन्यांनी सात देशांची परिषद दुसऱ्या एका बेटावर थाटात झाली. फोटो आला. पुन्हा सात जण हातात हात घालून उभे.

पुढच्या जानेवारीत रजा मिळाली. पहूरहून जळगाव, जळगावहून धुळे आणि तिथून साक्रीची एस.टी. धरून मी नामदेवभाऊंच्या गावी गेलो. त्यांची आई भेटल्या. रडल्या नाहीत. त्यांनी माझ्या पुढ्यात भाकरी ठेवली आणि सांगितलं की गावातले लोक बोलतात. दुसऱ्या एका पलटणीतला कुणी रजेवर येऊन सांगून गेला होता, तुमच्या नामदेवने गाडी सोडली, म्हणून माणसं मेली. कुणी तर म्हणे, काहीतरी घेऊनच सोडली असेल. शाळेपुढे गावच्या जवानांचा दगडी स्तंभ आहे. पासष्टचा एक, एकाहत्तरचा एक. तिसरं नाव कोरायचं ठरलं होतं, ते सरपंचांनी थांबवलं होतं.

"मना आंडोर असा नव्हता," त्या लेकाबद्दल म्हणाल्या. "तू व्हता ना तठे? तू सांग."

दोन दिवसांनी प्रजासत्ताक दिन होता. झेंडावंदन झाल्यावर मी हेडमास्तरांकडून माइक मागून घेतला. सरपंच नाना पुढेच बसले होते. भाषण मला येत नाही. मी फक्त त्या दुपारचं बोलणं म्हणून दाखवलं. आधी त्यांचं, मग माझं, मग त्यांचं. एका शब्दाचाही अर्थ सांगितला नाही. "गाडी मांगे बसेल शे," म्हटल्यावर मागे उभ्या असलेल्या गडीमाणसांनी माना हलवल्या. भरलेली बैलगाडी मागे बसली की काय होतं, हे त्यांना सांगावं लागत नाही. "वरतून नही शे," इथे आलो आणि नानांनी डोक्यावरची टोपी काढली. "जाऊ देस मी," हे मला नीट म्हणता आलं नाही. लोकांना कळलं.

नाना उठले. त्यांनी नामदेवभाऊंच्या आईसमोर जाऊन हात जोडले आणि माणूस धाडून पाथरवटाला बोलावून घेतलं.

पाथरवटाने नाव आणि हुद्दा कोरला. मग विचारलं, खाली कुठलं युद्ध लिहू? वरच्या दोघांच्या नावाखाली आहे. ते युद्ध नव्हतंच, असं सरकार म्हणत होतं. शांतता म्हणावं तर जीभ रेटेना. हेडमास्तर काही शुद्ध शब्द सुचवू लागले. आईंनी त्यांना हातानेच थांबवलं.

"लिख," त्या पाथरवटाला म्हणाल्या, "त्यानी इचारेल व्हतं."

तसंच कोरलंय. साक्रीकडे कधी गेलात तर वाचा. उत्तर देणाऱ्यांची नावं त्यावर नाहीत. ती मलाही कुणी कधी सांगितली नाहीत.