नाथानं गच्चीवर चढवलेली बाग

माझा धाकटा भाऊ नाथाजी सांगलीत रिक्षा चालवायचा. गेल्या म्हयन्यात छातीत कळ येऊन गेला. चार वर्सं आमच्या म्हसवडच्या जत्रंला आला न्हाई, फोनवर म्हनायचा आक्का सवड न्हाई. मला लय राग व्हता, आजून बी हाय.

त्याची खोली रिकामी करायला गेले तर बिल्डिंगीचा सेक्रेटरी उदयसिंह दारातच म्हनला, "गच्चीवरचं भंगार बी न्या. ऐतवारी पोराचा वाढदिवस हाय, मंडप घालायचाय." भाऊ गेल्याचा एक सबुद न्हाई.

गुडघं धरून वर गेले. खाली बाजार, रिक्षा, हारन, भाजीवाल्याचा भोंगा. वर कायबी ऐकू येत न्हाई. आनि समदं हिरवं. मेथी, वांगी, मोगरा, माझ्याएवढा कडीपत्ता. कुंड्या म्हंजी काय, तर दारं काढून आडवं टाकल्यालं फ्रीज. भावाची सवड कुठं जात व्हती ती तवा कळली.

वरच्या मजल्यावरची अफसाना आली, रडतच सांगाय लागली. म्हापुरात समद्यांचं फ्रीज वाया गेलं, लोकांनी रस्त्यावर टाकलं. नाथानं एकेक वर चढवला. घराघरात नदीचा गाळ साचला व्हता, त्योच पोत्यानं आनून त्यात भरला. आता रोज सकाळी अख्खी बिल्डिंग हितनं कडीपत्ता आनि मेथी नेती. उदयसिंहाच्या घरचं बी.

मग माझं टाळकं सरकलं. उदयसिंहाला वर बोलावला आनि ह्यो लाल फ्रीज कुनाचा इचारलं. बाजूला त्याच्या पोरानं चिकटवल्यालं कार्टून आजून तसंच व्हतं.

मी म्हनले, "फ्रीज तुमचं, तुमी बघा. माती माझ्या भावानं आनली, ती मी नेनार."

माण तालुक्यात आमच्या रानात नुसता मुरूम, असला गाळ कुठं घावतोय. टेम्पो केला, पोती भरली, रोपं मुळासकट काढली. मोगरा तेवढा अफसानाला दिला, तिनं नाथाला कैक येळा डबा दिलाय. उदयसिंह हळूच म्हनला, "मावशी, कडीपत्ता ऱ्हाऊ द्या की." भंगारात कडीपत्ता कुठला आला म्हनले, आनि त्योच पयला टेम्पोत घातला.

नाथा, एकदा म्हनला आसतास आक्का वर चल, तर मी रांगत आले आसते. तू न्हाई म्हनलास. ह्यांना रोज वर येऊ दिलंस आनि मला न्हाई.

शनवारी उदयसिंहाचा फोन आला. जिना अरुंद हाय, फ्रीज उतरवायला हमाल तयार हुईनात, तुमच्या भावानं चढवलं तरी कसं म्हनून इचारत व्हता.

"पाठीवर," म्हनले आनि फोन ठिवला.