खंडेनवमीला धुतलेली डिस्क

कचरूच्या पायाला भिंगरी आहे, हे आमच्या सगळ्या मस्तगड भागाला ठाऊक. त्याचा व्हिडिओ शूटिंगचा स्टुडिओ माझ्या भांड्यांच्या दुकानाला लागून. चहा सांगायचा आणि तो येईपर्यंत चौकात एक चक्कर मारून यायचं, असा हा माणूस. लग्नात कॅमेरा धरला तरी तेच, घडीत इकडे, घडीत तिकडे. काम मात्र वेळेवर देईल तर शपथ.

२००७ च्या उन्हाळ्यात त्याने पिंपळगाव रेणुकाईला धुळाजींच्या मुलीचं लग्न शूट केलं. सगळं कॉम्प्युटरला जोडायच्या हार्डडिस्कवर उतरवून घेतलं आणि कॅसेट पुढच्या लग्नाला वापरली. सीडी आज देतो, उद्या देतो करत पावसाळा आला. श्रावणात छातीत कळ येऊन धुळाजी गेले. घरात त्यांचा एक फोटो नव्हता. तेव्हापासून त्यांची बायको, आसराबाई, बाजाराच्या दिवशी स्टुडिओच्या पायरीवर येऊन बसायच्या.

"पुढच्या बाजारी नक्की, मावशी," कचरू म्हणायचा. मला त्याचा असा संताप यायचा!

मग खंडेनवमी आली, हत्यारं पुजायचा दिवस. कचरूची आई झुंबरबाई. जन्मभर शेतात राबलेल्या, विळे-कुऱ्हाडी धुऊन पुजणाऱ्या. त्यांनी कॅमेऱ्याला कुंकू लावलं आणि डिस्कवर तांब्याभर पाणी ओतलं. कचरू कुठूनसा धावत आला आणि हळदी-कुंकवासकट ओली डिस्क त्याने कॉम्प्युटरला जोडली. चर्र झालं, जळका वास सुटला.

"आई, काय केलंस हे!"

"लई धूळ बसल्ती रे. तुझं हत्यारच हाय ना ते? मंग धुतलं."

त्यांना काय बोलणार? पुसून तर घ्यायची ह्याने!

औरंगाबादच्या कारागिराने डिस्क उघडून पाहिली. "वरचं सर्किट जळालंय. आतल्या चकतीला धक्का न्हाई. पण सर्किट बदलायला बिलकुल अशीच दुसरी डिस्क पाहिजे."

झालं, कचरूची वणवण सुरू. आज औरंगाबाद, उद्या पुणे. जेवण जाईना, झोप लागेना. आसराबाई दिसल्या की मागच्या दाराने पसार. "गावाला गेल्ता, अजून आला न्हाई," ही थाप मी मारायची. त्या पदर सावरून उठायच्या आणि गावाची गाडी धरायला निघायच्या.

दिवाळीनंतर तशी डिस्क मिळाली आणि सगळं लग्न जसंच्या तसं निघालं! कचरू पेढे वाटत सुटला. आसराबाईंना बोलावून समोर खुर्चीत बसवलं. झुंबरबाई हात जोडून दारात उभ्या.

वरात झाली, नवरदेवाचे बूट झाले, पुढारी झाले. धुळाजी कुठेत? मुलीचा बाप दिवसभर पळत होता, आणि कॅमेरा त्याच्याहून जास्त. कुठे पाठ दिसली, कुठे फेट्याचं टोक. शेवटी पंगतीत ते वळले, कॅमेऱ्याकडे बघून हसले, "जेवल्याबिगर जाऊ नका बरं का," म्हणाले. तेवढ्यात कॅमेरा झटकन पुढाऱ्याकडे फिरला.

लग्न संपलं.

"अजून असंल ना?" आसराबाईंनी विचारलं.

"न्हाई, मावशी. डिस्कमधलं समदं बराबर निघालं. माझाच हात..."

"जराक दम धरला असता, लेका." त्यांनी पदराने डोळे पुसले. "तेवढं परत लाव."

कचरूने मागे घेतलं. मग पुन्हा घेतलं. चहा येऊन निवला, तरी त्या परत लाव म्हणत होत्या. दर वेळी धुळाजी वळायचे, हसायचे, आणि कॅमेरा त्यांना सोडून जायचा.