सोलरच्या आड आलेला कडुलिंब

करडी गावच्या तुळसाबाईंनी भांड्यांचं पाणी घालघालून जगवलेला कडुलिंब आता अख्ख्या घरावर पसरलाय. मे महिन्यातही त्यांच्याकडे दुपारी पंखा लागत नाही. अशा घरी सरकारी योजनेचा माणूस सोलर बसवायला आला, प्रदूषण कमी करायला म्हणे, आणि छत पाहून म्हणाला, "आजी, सावली पडते. झाड कापावं लागेल."

तुळसाबाई भडकल्या. "झाड कापलं का घर तापंन, मंग पंखा लागंन, अन् त्या पंख्यासाठी तुहं सोलर? कोठ्यात ढोरं बांधतो, त्याच्या छपरावर दिवसभर ऊन हाये. तिथं लाव."

"फॉर्मवर घराचंच छत आहे, आजी."

"मंग तो फॉर्मच टाक घरावर. पाहू किती बल्ब जळते."