भाजक्या मातीचा आवाज

आमच्या परतूरच्या घरात दुपारचं कुणी काही कुरकुर चावायला लागलं, की आई हातातलं काम टाकून उठायची. चणेफुटाणे तर तिनं घरात आणणंच बंद केलं होतं. त्या आवाजाला ती घाबरायची, आणि खरं सांगायचं तर मीही.

तो आवाज माझ्या थोरल्या बहिणीचा. निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती पांढरीफटक होऊनच. जरा चालली की धाप लागायची, आणि ताट समोर असलं तरी मन मातीवर. कुंभाराकडची भाजकी माती ती दिवसभर कुरकुर चावत बसायची. आई टोपली भरभरून आणायची. डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचे कान फुटतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. शेजारणी चिडवायच्या, "पोरगा जमीनदार होतो बघ तुझा, आतापासूनच जमीन खाऊन राह्यलाय." ताई हसायची तेव्हा तिच्या दातांत माती दिसायची.

बाळंतपणात रक्त गेलं. दुसऱ्या बाईनं सोसलं असतं, पण ताईच्या अंगात रक्त होतं कुठं. बाळ जगलं, ती गेली.

पुढं बाळाला दाखवायला जालन्याला गेलो, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आईला समजावलं. रक्ताला लोह लागतं. ते कमी पडलं की अंग शहाण्यासारखं जेवणातून नेहमीपेक्षा जास्त ओढून घेतं. पण अशा बाईला कधी कधी मातीची ओढ लागते, आणि तीच माती पोटात लोह धरून बसते, अंगी लागू देत नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हंजी मीच चारली का तिला?" बाईंनी खाली बघून बाळाचं औषध लिहायला घेतलं. मला त्यांचा फार राग आला. एवढं एक खोटं बोलायला त्यांचं काय जात होतं?

काही वर्षांनी मी पोटुशी होऊन माहेरी आले. जेवणाला चव लागेना, आणि नुकत्याच सारवलेल्या चुलीच्या वासानं तोंडाला पाणी सुटायचं. लोहाच्या गोळ्या होत्या, आई समोर बसून गिळायला लावायची. तरी एका दुपारी, आई जरा आडवी झालेली बघून, मी चुलीच्या कडेचा पोपडा काढला आणि तोंडात टाकला. कुरकुर वाजलं. इतकं बरं वाटलं, की त्याचीच भीती वाटली.

आई दारात उभी होती. तिनं मला ताईच्या नावानं हाक मारली. मी वळले, तरी थोडा वेळ तिला मी दिसलेच नाही बहुतेक. मग जवळ येऊन तिनं माझ्या तोंडात बोट घालून माती काढली, तान्ह्या पोराची काढतात तशी, आणि तिथंच चुलीपाशी बसली.

"माझ्याकडं मागू नको, माय," ती म्हणाली. "तू मागितलीस तर मी पुन्हा आणीन. मला न्हाई म्हणता येत न्हाई."