बारा सुरांची हजेरी

रामदासचा फोन आला की उचलण्याआधी मी अजूनही क्षणभर थांबते. दोन वर्षांपूर्वी याच माणसानं मला चारचौघांत, म्हणजे फोनवर भेटतात त्या चारचौघांत, चोर म्हटलं होतं. आता आमचं बरं चाललंय, पण सवय राहिली आहे. त्या दिवशी बजाजनगरच्या शाळेत सातवीचा संगीताचा तास संपवून बाहेर आले, तर त्याचे तीन मिस्ड कॉल. लावला. पलीकडून नुसती एस.टी.ची घरघर... मग तो म्हणाला, "मॅडम, काका गेले. आज पहाटं. मी पैठणहून निघालोय." माझ्या तोंडातून भलतंच गेलं, "माझी पेटी त्यांच्याकडंच आहे रे." माणूस गेल्याचं कळल्यावर आधी पेटी आठवावी, याची मला आजही लाज वाटते. शेषरावकाकांना हे सांगितलं असतं तर मात्र ते म्हणाले असते, "त्यात काय चुकलं? पेटीमुळंच तर वळख आपली."

शेषरावकाका छावणीच्या बाजारात पेट्या दुरुस्त करायचे. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत दुकान, मध्ये एक फुलाफुलांचा पडदा आणि पडद्यामागं काकू. आईनं मला घेऊन दिलेली जुनी पेटी पहिल्यांदा तिथं नेली तेव्हा मी कॉलेजात होते. काकांनी पेटी उघडली, आत डोकावले आणि म्हणाले, "हिच्या आत उंदराचं लगीन झालंय." मग भात्याला नवं चामडं लावलं, पितळी पाती एकेक काढून कानसली. पातीला टोकाशी घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो, हे मला माझ्या गुरूंनी नाही, काकांनी शिकवलं. स्वतः मात्र गात नसत, नोटेशनही येत नव्हतं. "मला गाणं येत नाय, पेटी येती," असं ते म्हणायचे, आणि त्यात विनयापेक्षा अभिमानच जास्त असायचा. घराणं मेंढरं राखणाऱ्यांचं. पैठणकडच्या गावातून पोटापाण्यासाठी शहरात आले आणि छावणीतल्या एका म्हाताऱ्या उस्तादांच्या हाताखाली हे काम शिकले.

पेटी दुरुस्त झाली की काका हजेरी घ्यायचे. हा त्यांचाच शब्द. एका हातानं भाता आणि दुसऱ्यानं बाराही सुरांवरून फिरून येणारी एक छोटीशी चाल. एकही पट्टी सुटायची नाही, आणि तरी ऐकायला तपासणी वाटू नये. मध्ये एक मोड होता. पंचमावरून कोमल निषादाला हात लावून झटकन मागं यायचं, कोमल गंधारावर थबकायचं, आणि मग खाली उतरायचं. हजेरी ऐकू आली की पडद्यामागं काकू चहा टाकायच्या, कारण काम झालं आणि गिऱ्हाईक आता उठणार, याची ती खूण होती. त्या दुकानातला चहा न पिता कुणी पेटी नेली असेल असं मला वाटत नाही.

काकांना एक खोड होती. रस्त्यावरून रिक्षा गेली, कुणाच्या लग्नात डीजे वाजला, भाजीच्या गाडीवरच्या भोंग्यातून काही आलं की कानस थांबवायची आणि समोरच्याला विचारायचं, "ही कुठून आली?" प्रत्येक चाल कुठून तरी आलेली असते, यावर त्यांची श्रद्धा होती. नव्या सिनेमाचं गाणं लागलं की त्यांना त्यात एखादं जुनं भजन, कव्वालीचा एखादा तुकडा, नाहीतर बँडवाल्यांची वरातीतली धून सापडायची. एकदा ते मला थेट पैठणला घेऊन गेले. तिथल्या एका भजनी मंडळाची आरती आणि त्या वर्षी गाजलेलं एक धांगडधिंग्याचं गाणं एकाच वाटेनं चालतात, असं त्यांचं म्हणणं होतं. आरती ऐकली. खरंच तसं होतं. येताना बसमध्ये मी म्हटलं, "म्हणजे चोरलीच की हो." काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "चोरी म्हणलं की माणूस थांबतो पोरी. कुठून आली म्हणलं की चालायला लागतो." मला ते तेव्हा नुसतंच छान वाटलं. पुढं माझ्यावर वेळ आली.

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी एक गाणं केलं होतं. शब्द माझे, चाल माझी. मुलं त्यावर नाचली, कुणा पालकानं व्हिडिओ टाकला, आणि महिनाभरात ते गाणं कुठल्या कुठं गेलं. अनोळखी लोक त्यावर रील करू लागले. पुण्याच्या एका रेकॉर्डिंगवाल्यांनी ते नीट ध्वनिमुद्रित करायचं म्हटलं. मी हवेत होते, खोटं कशाला बोलू. आणि मग रामदास उगवला. पैठणचा, लग्नकार्यात पेटी वाजवणारा, स्वतःचं चॅनल असलेला. त्याचं वर्षभर जुनं गाणं आणि माझं गाणं त्यानं एकापाठोपाठ एक लावलं आणि खाली लिहिलं, शिक्षिकाच चोऱ्या करायला लागल्या तर मुलांनी काय शिकायचं. दोन्हींच्या ध्रुवपदातला मोड अगदी एकच होता. मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, चाल तुमची आहे असं सोमवारपर्यंत लिहून द्या, नाहीतर संस्थेपुढं विषय जाईल.

लिहून द्यायला काय जातंय, असं कुणालाही वाटेल. पण माझा हात चालेना. त्याचं गाणं मी ऐकलं नव्हतं, असं मला वाटत होतं. वाटणं आणि असणं एक नव्हे. एखाद्या टपरीवर, एखाद्या रिक्षात कानावरून गेलं असेल तर? ऐकलं नाही हे सिद्ध कसं करायचं? चार दिवस मी स्वतःचीच उलटतपासणी घेत होते. आपण चोर आहोत की नाही हे आपल्यालाच माहीत नसणं यासारखा छळ नाही... शेवटी काकांकडं गेले आणि दोन्ही गाणी त्यांच्यापुढं लावली. त्यांनी डोळे मिटून ती तीनदा ऐकली. मला वाटलं, आता म्हणतील, ही कुठून आली. पण त्यांनी फोन माझ्याकडं सरकवला. मग विचारलं, "हा पैठणचा... याच्या बापाचं नाव काय?" मी फोनवर बघून सांगितलं. काका म्हणाले, "त्याला निरोप दे. म्हणावं, बापाची पेटी घेऊन शेषराव पेटीवाल्याकडं ये."

रविवारी रामदास आला. पेटी पोत्यात बांधलेली, तोंड माझ्याहून फुगलेलं. तो माझ्याकडं बघेना, मी त्याच्याकडं बघेना. काकांनी कुणालाच काही विचारलं नाही. पेटी उघडली, भात्याची फाटलेली घडी चिकटवली, दोन पाती कानसल्या, पट्ट्यांखालचा कचरा फुंकला. तासभर आम्ही दोघं लग्नात रुसलेल्या व्याह्यांसारखे दोन कोपऱ्यांत बसून होतो. मग काकांनी पेटी जुळवली आणि नेहमीसारखी हजेरी घेतली. पंचम, कोमल निषाद, झटकन मागं, कोमल गंधारावर थबकून...

रामदासनं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं पाहिलं. पडद्यामागं स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला.

आमच्या दोघांच्याही पेट्या वर्षानुवर्षं याच हातांखालून गेल्या होत्या; रामदास लहानपणी बापाबरोबर इथं यायचा. वाजवणारी माणसं आम्ही, जगातलं सगळं कान देऊन ऐकणारी, पण पेटीवाला पेटी तपासतो तेव्हा ते ऐकायचं असतं हे आम्हाला कधी सुचलंच नव्हतं. त्या वेळी आम्ही पिशवी आवरायचो, चहाकडं डोळे लावायचो. चाल मात्र आपली कानात जाऊन बसली होती. रामदास म्हणाला, "काका, म्हंजी ही चाल तुमची हाय." काका म्हणाले, "माझी कशी असंल? उस्तादांची हाय." आणि मग मी त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच गोंधळ पाहिला. अख्ख्या जगाला ही कुठून आली म्हणून विचारणाऱ्या माणसानं, रोज आपल्या हातातून निघणारी चाल कुठून आली, हे कधी विचारलं नव्हतं.

रामदासनं आपलं म्हणणं मागं घेतलं, तेही तितक्याच चारचौघांत. शाळेतलं प्रकरण मिटलं. एक गोष्ट मात्र अडून राहिली. रेकॉर्डिंगवाल्यांच्या अर्जात संगीतकाराच्या नावाची जागा होती. मी तिथं आता माझं नाव लिहीना. काकांचं लिहू म्हटलं तर ते संतापले. "आदी पत्ता लागू दे. दुसऱ्याच्या मेंढराला आपली खूण करायची नसती." गाणं तसंच पडून राहिलं, आणि काका शोधाला लागले.

ती दोन वर्षं त्यांनी ज्या उत्साहानं काढली त्याला तोड नाही. उस्ताद कधीच गेलेले. त्यांच्या मुलाला काकांनी गाठलं. त्यानं वडिलांची हजेरी वाजवून दाखवली, ती सरळसोट, मोड नसलेली. वर म्हणाला, "अब्बा तो सीधीच बजाते थे. ये मोड किधर से लाए तुम?" मला ते सांगताना काकांचे डोळे चमकत होते, एखाद्या पोलिसाला धागा सापडावा तसे. मग छावणीतल्या जुन्या बँडवाल्यांना विचारून झालं. बिगुलावरून आली असेल का, असं मीच सुचवलं, तर म्हणाले, "बिगुलात एवढे सूर कुठं असत्यात." दर दोन-तीन दिवसांनी फोन. शाळेत तास चालू असला तरी मी तो उचलायचे. "मोड माझ्याकडूनच घुसलाय, एवढं नक्की," ते म्हणायचे, "पण माझ्याकडं कुठून आला, ते सांग."

या सगळ्यात एक वाईट झालं, आणि त्याला मी कारण होते. काकांनी हजेरी घेणं सोडलं. आणखी कुणाच्या कानात ती बसायला नको, म्हणून. आता ते एकेक पट्टी दाबून बघत, खाली पडलेल्या टाचण्या वेचाव्यात तसं. काकू एकदा पडदा सारून मला म्हणाल्या, "च्या कवा टाकायचा तेच कळंना गेलंय मला." मी हसले. घरी येताना मात्र फार वाईट वाटलं, आणि ते मी काकांना कधी सांगितलं नाही.

ते गेल्यानंतर पाच आठवड्यांनी मी आणि रामदास माझी पेटी आणायला गेलो. दुकान होतं तसंच होतं. कानशी ओळीनं लावलेल्या, चामड्याच्या पट्ट्या खिळ्याला. माझी पेटी कोपऱ्यात, तिच्यावर त्यांचा जुना टॉवेल झाकलेला. काकू म्हणाल्या, "झाली का नाय ते मला काय म्हाईत. बघ वाजवून." रामदासनं माझ्याकडं पाहिलं. मी भाता ओढला आणि हजेरी घेतली. बाराही सूर हजर होते. काका काम पुरं करून गेले होते. पडद्यामागं स्टोव्ह पेटला, पातेलं वाजलं... आणि मी आतापर्यंत आवरून धरलेलं रडू मला तिथं आलं.

काकू चहा घेऊन आल्या. कप ठेवला आणि म्हणाल्या, "मदी गडबड केलीस तू. तिथं थांबायचं असतं."

"कुठं, काकू?"

त्यांनी तो मोड गुणगुणला. शब्द नाहीत, नुसता गळा. पंचम, कोमल निषाद, मागं, आणि कोमल गंधारावर त्या थांबल्या, काकाही कधी थांबले नव्हते इतका वेळ. मग खाली आल्या. "मेंढरू मागं राहिलं की असं बोलवायचं. थांबायचं कशाला, तर त्याला ऐकू जायला पायजे. नुसतं वरडून उपेग नाय."

रामदासनं हातातला कप खाली ठेवला. मी विचारलं, "हे तुम्ही इथं म्हणायच्या?"

"नवीन लगीन होऊन आले तवा. गावाची आठवण यायची, मग सयपाक करताना म्हणायचे. यांची हजेरी तवा सरळ होती. पुढं त्यांच्या हातात ते कवा आलं, त्यांनलाबी कळलं नसंल."

"पण काकू, काका दोन वर्षं शोधत होते. तुम्ही सांगितलं का नाही?"

"साऱ्या छावणीला इचारलं त्यांनी," काकू म्हणाल्या. "मला कुठं इचारलं?" त्या हसल्या, आणि हसता हसताच पदर डोळ्याला लावला.

मला काकांचा थोडा रागच आला. सहा पावलांवर होतं हो, पडद्याच्या पलीकडं. आणि मग वाटलं, बाईच्या गळ्यातलं आपल्या बोटांत उतरावं, ते बोटांनी जिल्हाभराच्या पेट्यांत पेरावं, आणि आपल्याला पत्ताही नसावा, असा संसार कितीजणांचा होतो? रामदासनं पिशवीतून तो अर्ज काढला. नाव कुणाचं लिहायचं म्हणून दोन वर्षं तो आमच्या दोघांमध्ये फिरत होता, कोपरे दुमडलेले होते. पेन उघडून तो थांबला. माझ्याकडं बघायला लागला. वीस वर्षं मी त्या घरात चहा प्याले, आणि काकूंचं नाव मला ठाऊक नव्हतं. त्यालाही नव्हतं.

"काकू," मी विचारलं, "तुमचं नाव काय?"

"कशाला?" त्या म्हणाल्या. आम्ही सांगितलं. त्यांनी बराच वेळ अर्जाकडं पाहिलं, तो उलटा होता तरी. "गयाबाई," त्या म्हणाल्या. "शेषराव बी लिवा पुढं. पण आदी नीट वाजव, मग लिवा."

मी पुन्हा भाता ओढला. पंचमावरून कोमल निषादाला हात लावून मागं आले आणि कोमल गंधारावर थांबले. सूर त्या खोलीभर लांबत गेला, कानशींवरून, टॉवेलावरून, उघड्या दारातून बाहेर बाजारात. मला वाटलं आता पुरे, आणि मी पुढच्या पट्टीकडं बोट नेलं.

दाराकडं बघत काकू म्हणाल्या, "अजून थांब."