चहा उतू जायच्या आत

कोल्हापुरात, आमच्या शिवाजी पेठेतल्या घरात दाराच्या मागं एक खुंटी आहे. तिच्यावर आजही किल्ल्या लटकतात, आणि त्यातली एकही आमच्या घराची नाही. सगळ्या लोकांच्या.

हा धंदा मी काही ठरवून केला नाही बघा. दारात शिलाई मशीन मांडून बसायची, त्यामुळं दिवसभर घरात सापडणारं माणूस म्हणून गल्लीतली मंडळी गावाला जाताना किल्ली माझ्याकडं टाकायची. मग कुणी परगावचं विचारत यायचं, "मावशी, इकडं खोली मिळंल काय भाड्यानं?" की मशीन थांबवायचं, किल्ली घ्यायची आणि निघायचं. एजंट हा शब्द मला फार उशिरा कळला. तोवर मी आपली 'खोल्यावाली मावशी'.

परक्या माणसाबरोबर बंद घरात जायचं म्हणजे भीती वाटायची का? वाटायची की. पण समोर भाभी होती. खाली तिच्या नवऱ्याचं गाद्या भरायचं दुकान, वर त्यांचं घर. कुलूप काढायच्या आधी मी रस्त्यातनंच ओरडायची, "भाभीऽऽ! पावण्यास्नी खोली दाखवून येतो, चहा टाका!"

भाभी खिडकीतनं डोकं काढायची.

"कुठलं पावणं?"

"हुपरीचं हाईत."

"हुपरीत कुठं?"

बिचारा पावणा रस्त्यात उभा राहून आपलं घर, धंदा, मामाचं गाव सगळं सांगून टाकायचा. भाभी त्याला केसापासून चपलेपर्यंत बघून घ्यायची आणि मगच आत जायची. चहा उकळला आणि मी खाली दिसले नाही, तर कपबशा घेऊन ती थेट त्या खोलीवर. असं करायचं म्हणून आम्ही दोघी कधी बसून बोललो नव्हतो. ते होत गेलं.

एकदा एक गडी दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिला. खोली बघंना, मलाच विचाराय लागला, "मावशी, तुमचं मालक दिवसभर कामावर असत्यात व्हय?" तेवढ्यात त्याच्या पाठीमागनं आवाज, "सरका की ओ पावणं, गरम हाय, अंगावर सांडंल!" भाभी ट्रे पुढं करून मधोमध उभी. गड्यानं उभ्या उभ्या चहा प्याला, जीभ भाजली आणि गेला. आम्ही दोघी जिन्यावर बसून हसलो. भाभी मात्र मधनंच उठून तो गल्लीच्या टोकाला वळला का ते बघून आली.

आणि भल्या माणसांना त्याच चहानं खोली आवडायची. एक मास्तर म्हणाले होते, "असला शेजार असल्यावर खोली काय बघायची!" त्यांनी खरंच बघितली नाही. नंतर मोरी लहान आहे म्हणून कुरकुरत बसले, ते सोडा.

माझे गुडघे गेले तसा धंदा सुनेनं घेतला. तिनं तो गावाबाहेर नेला. उसाच्या फडाला लागून उभ्या राहिलेल्या इमारती, रंगाचा वास, जिन्यात अजून वाळू. खिडकीतनं डोकं काढायला तिथं कोण असणार? पोरीनं एकटीनं जम बसवला. बोलणं साखरेसारखं, "या ना सर, बघा ना मॅडम."

गेल्या वर्षी एका दुपारी ती घरी आली आणि किल्ली खुंटीला अडकवून म्हणाली, "आई, मी आता जाणार नाही फ्लॅट दाखवायला."

मग सगळं सांगितलं. गिऱ्हाईक चांगल्या कपड्यातलं होतं. तिसऱ्या मजल्यावर ही खिडक्या उघडायला पुढं गेली आणि त्यानं मागं दार लावून आतनं कडी घातली. "कडी नीट बसते का बघतोय," म्हणाला. काढली, घातली. परत काढली, परत घातली. हिच्याकडं बघून हसला आणि दार उघडलं. एवढंच. तक्रार तरी काय करायची, सांगा!

माझा मुलगा म्हणाला, "सोड की मग. कशाला पायजे ती कटकट." त्याचंही खोटं नव्हतं. पण ती रोज सकाळी त्या किल्लीकडं बघायची आणि भाजी निवडायला बसायची. मला ते बघवंना.

तेवढ्यात घरं दाखवणाऱ्या बायकांसाठी स्वसंरक्षणाचं शिबिर निघालं, आणि तेही कुठं, तर आमच्या मागच्या तालमीत! लग्न होऊन आल्यापासून त्या दारावरनं मी मान खाली घालून गेलेली. आत तांबड्या मातीचा आणि तेलाचा वास यायचा, तेवढीच ओळख. सुनेला म्हणलं, चल, मी येते. मला खुर्ची दिली हो मानानं.

शिकवणारी मुलगी ज्यूदोवाली, अंगानं काटक. तिनं पहिलीच गोष्ट सांगितली, "गिऱ्हाईक पुढं, तुम्ही मागं, दाराजवळ. खिडक्या त्यालाच उघडू द्या." मी कपाळाला हात लावला. जन्मभर मीच पुढं जाऊन खिडक्या उघडल्या! मनगट कसं सोडवायचं, कोपर कुठं मारायचं, सगळं झालं. मग ओरडायला लावलं. आमच्या कोल्हापुरात हे काय शिकवायचं? पण सुनेचा आवाज फुटंना. "अहो, सोडा ना..."

"ताई, फ्लॅट विकायलाय व्हय?" ती मुलगी म्हणाली. सगळ्या हसल्या. सून लाल झाली.

मला राहवलं नाही. खुर्चीतनंच म्हणलं, "अगं, सिलिंडरवाला निघाला बघ पुढं!"

"ओऽऽ सिलिंडर!" असली आरोळी निघाली की तालमीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. नंतर ती हसत होती आणि डोळेही पुसत होती.

शेवटी त्या शिकवणाऱ्या मुलीनं सांगितलं, जायच्या आधी एका माणसाला कळवा, आणि वेळेत फोन आला नाही तर त्यानं काय करायचं तेही ठरवा. मी भाभीची गोष्ट सांगितली. "कुठं असतात त्या आता?" तिनं विचारलं. मलकापुरात, लेकीकडं. दुकान गेलं, खिडकी गेली, तिथं आता पार्किंग आहे.

आठवड्यानं त्याच फ्लॅटला दुसरं गिऱ्हाईक आलं. सून खुंटीसमोर उभी राहिली. किल्ली घेऊन गेली.

अर्ध्या तासानं फोन. मागं वाऱ्याचा आवाज, आणि ती मोठ्यानं, त्या पावण्यालाही ऐकू जाईल अशी, "आई, वर चाललोय. चहा टाका!"

घरात मी एकटी. आधण ठेवलं. आलं किसलं. दूध घातलं, चहा वर आला, मी गॅस बारीक केला. परत वर आला. फोन गप्प. मी नंबर लावला.

"दारातच हाय ओ आई. पावणं खिडक्या उघडायल्यात. एक घट्ट बसलीया."

"उघडू दे त्यास्नीच!" मी ओरडले.

गॅस बंद केला. एक कप गाळून घेतला आणि तिच्या कपावर बशी झाकली. मग मलकापूरला फोन लावला. भाभीला आता कमी ऐकू येतं, म्हणून ओरडूनच सांगितलं, "सून पावण्यास्नी फ्लॅट दाखवाय गेलीया, चहा टाकलाय!" पहिल्यांदा काय म्हणाली असेल?

"कुठलं पावणं?"